तक्त्यातील फेरफार आणि त्याची नोंद : संपादनाबरोबर चालणाऱ्या लघु आज्ञावलींचा विचार

१. विषयप्रवेश

क्षेत्रीय संशोधनाची सामग्री पूर्वी वह्यांत राहत असे. आता ती बहुधा स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे संगणकावरील गणनतक्त्यात, राहते. या बदलाने आकडेमोडीचे कष्ट वाचले हे निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबर वहीची एक शिस्तही आपण गमावून बसलो. वहीत आकडा चुकला तर अभ्यासक त्यावर एक रेघ ओढी, शेजारी नवा आकडा लिही आणि सही करी. रेघेखालचा जुना आकडा वाचता येत असे, आणि पुढे शंका निघाल्यास तोच उपयोगी पडे. तक्त्यात मात्र नवा आकडा लिहिला की जुना दिसेनासा होतो, आणि बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची खूण त्या जागी उरत नाही.

हा दोष दूर करण्याचे एक साधन तक्त्यातच उपलब्ध आहे. एखाद्या सेलमधील मजकूर बदलताच आपोआप चालू होणारी लहानशी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, तक्त्याला जोडता येते. तिचे कार्य कसे चालते, तिच्याकडून कोणती कामे करून घ्यावीत आणि तिच्यावर कोठे विसंबू नये, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून बाळापूर तालुक्यातील विहिरींच्या पाण्याचा एक नमुनादाखल तक्ता सर्वत्र डोळ्यांपुढे ठेवला आहे.

२. उदाहरणाचा तक्ता

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर अकोला जिल्ह्यात आहे. तालुक्याचा उत्तरेकडील भाग पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाणपट्टा वऱ्हाडात सर्वश्रुत आहे, त्यातच उरळ, हातरुण या बाजूची गावे येतात. तेथे विहिरीचे पाणी ओलितास चालेल की नाही हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा असतो. कारण निचरा कमी असलेल्या भारी काळ्या जमिनीत खारे पाणी एकदा मुरले की त्याचा परिणाम पुढील हंगामांनाही भोगावा लागतो.

अशा पाण्याची पहिली कसोटी म्हणजे विद्युत्‌वाहकता. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेले वर्गीकरण आजही अभ्यासक्रमात शिकविले जाते. त्यानुसार दर सेंटिमीटरला २५० मायक्रोम्होपर्यंत पहिला वर्ग, २५० ते ७५० दुसरा, ७५० ते २,२५० तिसरा आणि त्यापुढे चौथा वर्ग होतो. (मायक्रोम्होलाच आता मायक्रोसीमेन्स म्हणतात.) सोडियमच्या प्रमाणाची दुसरी कसोटी याच्या जोडीला असते, परंतु आपल्या कामापुरती पहिली पुरेशी आहे.

आता असे समजा की, चाळीस विहिरींचा एक तक्ता आहे. प्रत्येक ओळीत विहिरीचा क्रमांक, गाव, नमुना घेतल्याची तारीख आणि विद्युत्‌वाहकता हे स्तंभ आहेत. पाण्याचा वर्ग सूत्राने आपोआप निघतो. एका विहिरीची वाहकता २,३१० अशी नोंदलेली होती. पुढे कोणीतरी ओळी नीट लावताना अनवधानाने ती २,१३० केली. दोन अंकांची जागा बदलली आणि विहीर चौथ्या वर्गातून तिसऱ्या वर्गात गेली. सूत्राने आपले काम बिनचूक केले. संगणकाने कोठेही तांबडी खूण दाखविली नाही. २,१३० हा आकडा त्या परिसरात अशक्यही नाही. परंतु त्या विहिरीच्या मालकाला दिला जाणारा सल्ला बदलला, आणि प्रबंधाच्या परीक्षकाने मूळ आकडा विचारल्यास तो तक्त्यात सापडणार नाही.

३. सूत्र आणि घटना

या ठिकाणी दोन गोष्टींतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. तक्त्यातील सूत्र हे स्थितीशी बांधलेले असते. या क्षणी सेलमध्ये काय आहे ते पाहून ते उत्तर काढते. आधी काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिजिकॅल्क हा तक्ता बाजारात आला, तेव्हा लोकांना जे नवल वाटले ते याच गुणाचे : एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे तत्क्षणी बदलतात. तक्त्याचे हे बळ आहे आणि त्याचे विस्मरणही त्यातूनच आलेले आहे.

बदल ही मात्र घटना आहे. तिला वेळ असते, कर्ता असतो, पूर्वीची आणि नंतरची अशी दोन मूल्ये असतात. या गोष्टी सूत्राच्या आवाक्यात येत नाहीत. याचे सोपे प्रत्यंतर पाहावयाचे असल्यास नोंदीची वेळ सूत्राने लिहून पाहावी. वर्तमान वेळ देणारे 'नाऊ' हे सूत्र सेलमध्ये घातले, तर तक्त्याची पुनर्गणना होताच ती वेळही बदलते. आज सकाळी केलेली नोंद संध्याकाळी केल्यासारखी दिसू लागते. घटना घडली त्या क्षणी तिची वेळ कायमची लिहून ठेवणारा कोणीतरी हवा. हे काम घटनेबरोबर चालणारी आज्ञावलीच करू शकते.

एक्सेलमध्ये १९९३ पासून व्हिज्युअल बेसिकची एक आवृत्ती अंतर्भूत आहे, आणि पानावरील बदल टिपणारी 'वर्कशीट चेंज' ही घटना तीत वापरता येते. गूगल शीट्स २००६ साली आले. त्याला जोडावयाची ॲप्स स्क्रिप्ट ही सोय २००९ पासून मिळू लागली. तेथे 'ऑनएडिट' या ठरावीक नावाचे फलन लिहून ठेवले की, वापरणाऱ्याने कोणताही सेल बदलताच ते आपोआप चालते. वेगळी परवानगी किंवा मांडणी लागत नाही, म्हणून त्याला साधा ट्रिगर म्हणतात. अनेकांनी मिळून वापरावयाच्या तक्त्यास ही पद्धत सोयीची असल्याने पुढील विवेचन मुख्यतः तिला धरून केले आहे.

४. एक परिचित पूर्वोदाहरण : फेरफार नोंदवही

बदलाची स्वतंत्र नोंद ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. सात-बाराचा उतारा हाताळलेल्या प्रत्येक कुटुंबाला ती ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची; ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि विदर्भासह सर्व राज्यास एकच कायदा लागू झाला. या संहितेनुसार अधिकार अभिलेख आणि फेरफारांची नोंदवही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या जातात. गाव नमुना ७ आजची स्थिती सांगतो; गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, ती स्थिती कोणत्या घटनांनी आली हे सांगतो.

संहितेच्या १५० व्या कलमातील क्रम संशोधकाने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. हक्कात बदल झाल्याची वर्दी येताच तलाठी प्रथम फेरफार नोंदवहीत नोंद करतो. तिची प्रत चावडीत लावली जाते आणि हितसंबंधितांस लेखी सूचना जाते. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते व तिचा निर्णय होतो. त्यानंतर तलाठ्याहून वेगळा, वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच अधिकार अभिलेखात बदल होतो. तेथेही जुने नाव पुसून टाकीत नाहीत. त्यास कंस करतात व शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. अशा प्रमाणित नोंदीस १५७ व्या कलमाने विशेष बळ दिले आहे : तिच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीरपणे होईपर्यंत ती खरी मानली जाते. नोंदीवर एवढा विश्वास ठेवता येतो, तो तिच्यामागील कार्यपद्धतीमुळे.

ई-फेरफार प्रणालीत हीच पद्धत संगणकावर आली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती महसूल विभागाकडे जाते आणि फेरफाराची कार्यवाही सुरू होते. एका ठिकाणची घटना दुसऱ्या ठिकाणी ठरावीक कार्य घडवून आणते. ट्रिगर म्हणतात तो हाच. आपल्या चाळीस विहिरींच्या तक्त्याला एवढा पसारा अर्थातच नको. परंतु स्थितीचे पान वेगळे, फेरफाराचे पान वेगळे, आणि नोंद करणारा व प्रमाणित करणारा हे दोघे वेगळे, ही तीन तत्त्वे जशीच्या तशी उचलण्याजोगी आहेत.

५. आज्ञावलीची रचना

तक्त्यात तीन पाने करावीत. पहिल्याचे नाव 'नोंदी', दुसऱ्याचे 'फेरफार', तिसऱ्याचे 'प्रतिपान'. पहिल्यावर प्रत्यक्ष आकडे भरले जातात; दुसऱ्यावर माणसाने बदलाच्या कारणाखेरीज काही लिहावयाचे नाही; तिसऱ्याचे प्रयोजन पुढे येईल.

सेल बदलताच 'ऑनएडिट' या फलनाला घटनेचे वर्णन मिळते. त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात : बदल कोणत्या क्षेत्रात झाला, नवे मूल्य काय, आणि जुने मूल्य काय. यांच्या आधारे आज्ञावलीने पुढील पायऱ्या क्रमाने ओलांडावयाच्या असतात.

(१) बदल 'नोंदी' या पानावरच झाला आहे काय हे पाहावे. नसल्यास तेथेच थांबावे. ही पायरी गाळल्यास प्रत्येक पानावरील प्रत्येक बारीक बदलाने आज्ञावली चालत राहते.

(२) बदल शीर्षकाच्या ओळीत किंवा टीपेच्या स्तंभात असेल तरीही थांबावे. ज्या स्तंभांवर निष्कर्ष अवलंबून आहे त्यांचीच नोंद ठेवावी.

(३) जुने व नवे मूल्य एकच असेल तर नोंद करू नये. सेल उघडून तसाच बंद केल्याने फेरफाराचे पान भरून जाता कामा नये.

(४) 'फेरफार' पानाच्या शेवटी एक नवी ओळ जोडावी. तीत वेळ, विहीर क्रमांक, स्तंभाचे नाव, जुने मूल्य, नवे मूल्य आणि कारणासाठी मोकळी जागा असावी. सेलचा पत्ता लिहून भागत नाही. कारण ओळींचा क्रम बदलला की सतराव्या ओळीत दुसरीच विहीर येते. विहिरीचा क्रमांक मात्र कायम राहतो. ओळ जोडण्यासाठी 'अपेंडरो' ही क्रिया वापरावी; शेवटची ओळ शोधून तिच्याखाली लिहिण्याच्या पद्धतीत दोघांनी एकाच वेळी नोंद केल्यास एक ओळ दुसरीवर लिहिली जाण्याचा संभव असतो.

(५) 'नोंदी' पानावर त्या ओळीच्या स्थितिस्तंभात 'तपासणी बाकी' असे लिहावे. दुसऱ्या व्यक्तीने प्रयोगशाळेच्या कागदाशी आकडा ताडून पाहिल्यावर तेथे 'प्रमाणित' असे लिहावे. सरासरी, वर्गवारी व नकाशा यांची सूत्रे केवळ 'प्रमाणित' ओळीच घेतील अशी रचावीत.

या पाच पायऱ्यांची आज्ञावली साधारण तीस ओळींत लिहून होते. तिच्यामुळे पूर्वीच्या उदाहरणातील २,३१० चे २,१३० होताच फेरफाराच्या पानावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतील, कारणाची जागा रिकामी दिसेल, आणि ती विहीर तपासणी होईपर्यंत सरासरीतून बाजूला राहील. चूक टळली असे म्हणता येणार नाही. परंतु ती लपली नाही, आणि संशोधनात एवढ्यानेच पुष्कळ साधते.

६. शुद्धीकरणाची कामे

नोंद ठेवण्याखेरीज, भरलेले मूल्य त्याच क्षणी एकसारखे करून घेण्याचे कामही या आज्ञावलीकडे सोपविता येते. मराठीत काम करणाऱ्यांना तिची गरज विशेष भासते.

पहिला प्रश्न अंकांचा. क्षेत्रावरील सहायक मराठी कळफलकावरून '२३१०' असे देवनागरी अंक टंकित करतो. तक्त्याने ते संख्या म्हणून न घेता मजकूर म्हणून घेतले, तर बेरीज व सरासरीची सूत्रे तो सेल निमूटपणे वगळतात. चाळीस विहिरींची म्हणून दिलेली सरासरी प्रत्यक्षात एकोणचाळीसांची निघते. यावरील उपाय सोपा आहे. युनिकोड संकेतावलीत देवनागरी शून्य ते नऊ हे अंक २४०६ ते २४१५ या सलग स्थानांवर आहेत, आणि रोमन पद्धतीचे अंक ४८ ते ५७ या स्थानांवर. तेव्हा प्रत्येक देवनागरी अंकाच्या स्थानातून २,३५८ वजा केले की हवा तो अंक मिळतो. हे परिवर्तन नोंदीबरोबरच करावे. छापील तक्त्यात देवनागरी अंक दाखविणे हा निराळा, शेवटचा टप्पा आहे.

दुसरा प्रश्न नावांचा. 'बाळापूर' व 'बाळापुर', 'हातरुण' व 'हातरूण' ही माणसाला एकच गावे वाटतात. यंत्राला ती चार वाटतात. याहून सूक्ष्म अडचण अशी की, डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे शब्दही आतून भिन्न असू शकतात. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी संकेतबद्ध होतो : एका रीतीत तळाला टिंब असलेले ऱ हे अक्षर येते, तर दुसरीत साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. कळफलक बदलला की रीत बदलते, आणि गाववार गणती दोन भागांत विभागली जाते. नावे दुरुस्त करीत बसण्यापेक्षा गावांची यादी आधीच ठरवून तिच्यातूनच निवड करावयास लावणे हा मार्ग अधिक बरा. त्यास आज्ञावली लागत नाही. तक्त्यातील पडताळणीची सोय पुरते. जे काम साध्या सोयीने होते ते आज्ञावलीवर टाकू नये, हा नियम सर्वत्र पाळावा.

तिसरा प्रश्न एककांचा. काही उपकरणे वाहकता मीटरमागे डेसिसीमेन्समध्ये दाखवितात. तेथे २,३१० च्या जागी २.३१ दिसते. हा आकडा तसाच भरला तर खारी विहीर पहिल्या वर्गात जाऊन बसते. वाहकतेच्या स्तंभात पन्नासाहून लहान संख्या आल्यास सेल पिवळा करावा व स्थितिस्तंभात 'एकक पाहावे' असे लिहावे. आज्ञावलीने आपण होऊन हजाराने गुणू नये. अंकांची लिपी बदलल्याने अर्थ बदलत नाही, म्हणून ती दुरुस्ती यंत्राने करावी; एकक बदलल्याने निरीक्षणाचा अर्थ बदलतो, म्हणून तो निर्णय माणसाने करावा.

७. मर्यादा

या साधनाच्या मर्यादा पुरत्या समजून घेतल्याखेरीज ते वापरणे धोक्याचे आहे. कारण अपुरी नोंदवही पूर्ण समजली गेली तर ती नोंदवही नसण्यापेक्षाही अधिक फसविते.

पहिली मर्यादा अशी की, ट्रिगर बदलानंतर चालतो. बदल रोखणे त्याच्या हाती नाही. विहीर क्रमांक '३-२' असा लिहिला तर तक्ता त्याची तारीख करून टाकतो, आणि आज्ञावलीच्या हाती येते ती तारीखच. ही अडचण लहान नव्हे. जनुकांची 'सेप्ट' किंवा 'मार्च' अशी लघुनावे एक्सेलमध्ये तारखांत रूपांतरित होतात. २०१६ साली झीमन व सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत असे दोष आढळले, आणि २०२० साली नामकरण समितीने अशा काही जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. आपल्याला एवढे दूर जावयास नको. क्रमांकाचा स्तंभ आधीच 'साधा मजकूर' या प्रकारचा करून ठेवावा.

दुसरी मर्यादा जुन्या मूल्याची. एकाच सेलमध्ये बदल झाला तरच घटनेच्या वर्णनात जुने मूल्य मिळते. दहा सेलांचा गठ्ठा एकदम चिकटविला तर क्षेत्र कळते. जुनी मूल्ये मिळत नाहीत. सर्वांत मोठी हानी अशा चिकटविण्यानेच होत असल्यामुळे 'प्रतिपान' ठेवावे लागते. त्यावर विहीर क्रमांकाप्रमाणे शेवटची ज्ञात मूल्ये असतात. बदल झाला की आज्ञावली त्या क्षेत्रातील प्रत्येक मूल्य प्रतिपानातील मूल्याशी ताडते, जेथे भेद असेल तेथे फेरफाराची ओळ लिहिते आणि मग प्रतिपान अद्ययावत करते.

तिसरी मर्यादा, सर्वच बदल या घटनेत मोडत नाहीत. सूत्राचे उत्तर बदलले, दुसऱ्या आज्ञावलीने मूल्य लिहिले, फॉर्ममधून नवी ओळ आली किंवा संपूर्ण ओळ काढून टाकली, तर 'ऑनएडिट' चालत नाही. फॉर्मसाठी व ओळी काढण्यासाठी वेगळे, मुद्दाम मांडावे लागणारे ट्रिगर आहेत. तसेच साध्या ट्रिगरला तीस सेकंदांची मुदत असते, आणि अतिशय जलद एकामागून एक बदल झाल्यास प्रत्येकासाठी तो चालेलच असे गृहीत धरू नये. म्हणून दिवसअखेर 'नोंदी' व 'प्रतिपान' यांची एकदा संपूर्ण तुलना करून घ्यावी. सुटलेले बदल तीत सापडतात.

चौथी मर्यादा कर्त्याची व संरक्षणाची. साधा ट्रिगर ज्याने बदल केला त्याच्याच अधिकाराने चालतो. यातून एक पेच उत्पन्न होतो. 'फेरफार' पान सहायकांपासून संरक्षित केले, तर त्यांच्या बदलाची नोंदही तेथे लिहिली जाऊ शकत नाही. आणि मोकळे ठेवले, तर नोंदीच खोडता येतात. तलाठ्याच्या दप्तराला कुलूप नसावे तसा हा प्रकार होय. यासाठी प्रकल्पप्रमुखाने स्वतः मांडलेला, म्हणजे 'इन्स्टॉलेबल', ट्रिगर वापरावा. तो मांडणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. त्यामुळे पान इतरांस बंद असले तरी नोंद होते. बदल करणाऱ्याचे नाव मात्र सुरक्षेच्या नियमांमुळे दोन्ही प्रकारांत नेहमीच मिळते असे नाही. म्हणून 'भरणाऱ्याची आद्याक्षरे' असा एक स्तंभ ठेवणे शहाणपणाचे. साध्या ट्रिगरला ई-मेल पाठविता येत नाही किंवा दुसरी फाइल उघडता येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

वेळेसंबंधी एक सूचना आवश्यक आहे. तक्त्याचा कालविभाग व आज्ञावलीचा कालविभाग या दोन स्वतंत्र मांडण्या असतात. दोन्ही ठिकाणी 'एशिया-कोलकाता' आहे याची प्रारंभीच खात्री करून घ्यावी.

एक्सेलचा वापर करणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेथे आज्ञावलीने स्वतः केलेला बदलही पुन्हा तीच घटना जागी करतो; म्हणून लिहिण्यापूर्वी घटना बंद कराव्या लागतात व नंतर चालू कराव्या लागतात. मध्येच दोष उत्पन्न होऊन आज्ञावली थांबली तर घटना बंदच राहतात आणि पुढील बदल नोंदले जात नाहीत. तेव्हा दोष आला तरी घटना पुन्हा चालू होतील अशी तजवीज केलीच पाहिजे. दुसरे असे की, आज्ञावलीने पानावर काही लिहिले की मागील कृती परत फिरविण्याची सोय नष्ट होते. तिसरे, इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील आज्ञावली २०२२ पासून मूलतःच अडविल्या जातात. सहकाऱ्याला पाठविलेल्या फाइलीत आपली नोंदवही चालू असेल असे समजू नये.

८. एक आक्षेप

येथे कोणी म्हणेल की, गूगल शीट्समध्ये आवृत्तींचा इतिहास आपोआप राहतोच; मग हा खटाटोप कशासाठी? तो इतिहास उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु फाइलीची प्रत काढली किंवा ती उतरवून घेतली की इतिहास मागे राहतो. फेरफाराचे पान मात्र फाइलीबरोबर जाते आणि प्रबंधाचे परिशिष्ट म्हणून छापताही येते. शिवाय इतिहास आकडा बदलल्याचे सांगतो, कारण सांगत नाही. आणि बदललेला आकडा प्रमाणित होईपर्यंत निष्कर्षातून बाजूला ठेवण्याचे काम तर तो करीतच नाही. विवादात उपयोगी पडते ते कारणच.

याच्या उलट बाजूचा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. सर्वच दोष बदलातून येत नाहीत. राइनहार्ट व रोगॉफ यांच्या २०१० सालच्या, सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांवरील गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्राने पाच देशांच्या ओळी घेतल्याच नव्हत्या, हे हर्न्डन, ॲश व पॉलिन यांनी २०१३ साली दाखवून दिले. तेथे आकडे बदललेले नव्हते. सूत्राची व्याप्तीच अपुरी होती. अशा दोषापुढे फेरफाराची नोंदवही निरुपयोगी आहे. तो सापडला तो मूळ तक्ता दुसऱ्याच्या हाती दिला गेल्यामुळे. तेव्हा आज्ञावली लावली म्हणून तक्ता दुसऱ्याकडून तपासून घेण्याची जबाबदारी संपत नाही; उलट तपासणाऱ्याला काय पाहावयाचे हे तिच्यामुळे अधिक नेमके कळते.

९. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यात असा. तक्ता स्थिती जपतो, घटना जपत नाही. आणि संशोधनाच्या सत्यतेला दोन्हींची गरज असते. संपादनाबरोबर चालणारी लघु आज्ञावली घटना टिपते, लिपी व अंक यांसारखे निरर्थक भेद नाहीसे करते, आणि शंकास्पद मूल्य माणसाच्या नजरेस आणून देते. तिने निर्णय घेऊ नये. नोंद करणारा आणि प्रमाणित करणारा वेगळे ठेवण्याची जी दक्षता जमिनीच्या दप्तराने बाळगली, तीच विभागातील प्रत्येक क्षेत्रीय तक्त्याने बाळगावी.

ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांनी नव्या तक्त्यापासूनच करावा; अर्ध्यावर आलेल्या कामात आज्ञावली घातल्यास पूर्वीचे बदल परत मिळत नाहीत. प्रथम केवळ वेळ, जुने मूल्य व नवे मूल्य यांची नोंद सुरू करावी. मग मुद्दाम एक आकडा बदलून, दहा आकड्यांचा गठ्ठा चिकटवून व एक ओळ काढून टाकून पाहावी, आणि फेरफाराच्या पानावर यांपैकी काय उतरले व काय सुटले याची यादी करावी. आपल्या नोंदवहीवर कोठवर विश्वास टाकता येईल हे त्या यादीवरून कळेल. पुढे हातरुणच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या वर्गाचे असे विचारले, तर वर्ग सांगता येईल, आणि तो ज्या आकड्यावरून काढला त्याचा फेरफारही दाखविता येईल.